कायद्यातून सूट द्यायचा अधिकार कुणाचा? (शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने)



आठवीच्या राज्यशास्त्रात आपण शिकवतो की कायदेमंडळ कायदा करतं, कार्यकारी मंडळ तो राबवतं आणि न्यायमंडळ त्याचा अर्थ लावतं. मुलं हे वाक्य पाठ करतात आणि पेपरात लिहितात, गुणही पडतात. पण याच मुलांना जुलैत एक वेगळी गोष्ट दिसते. रात्रभर पाऊस कोसळतो आणि सकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो, "आज शाळांना सुट्टी". शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरवायला सांगितलंय. मग एका अधिकाऱ्याने शाळा बंद ठेवायला कसं सांगितलं? वर्गात एखादं चौकस पोर हा प्रश्न विचारतंच, आणि आपण "अरे, पाऊस आहे ना" म्हणून पुढे जातो.

तसं पुढे जाऊ नये. खरं उत्तर सोपं आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आहे. म्हणजे त्यांचा आदेशही एका कायद्यातूनच निघतो, आणि बुडालेला दिवस पुढे शनिवारी किंवा सुट्टीत भरून काढायचा असतो, तो आपल्याच गळ्यात पडतो हा भाग वेगळा! मुलांना इथे थांबवून एवढंच विचारायचं: सरकार जेव्हा कायद्यातून सूट देतं, तेव्हा ती सूट द्यायचा अधिकार त्याला कुठून मिळाला? अख्खा पाठ या एका प्रश्नावर उभा करता येतो. त्यासाठी लागणारी उदाहरणं मी खाली देतो आहे. पहिलं लांबचं आहे, पण ते आधी सांगितलं की आपल्या तालुक्यातलं नीट कळतं.

१९९५ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एक कायदा केला. इस्रायलमधला अमेरिकेचा दूतावास तेल अवीवमध्ये होता, तो ३१ मे १९९९ पर्यंत जेरुसलेमला हलवावा असं त्यात म्हटलं होतं. सिनेटमध्ये ९३ विरुद्ध ५ आणि प्रतिनिधीगृहात ३७४ विरुद्ध ३७ अशा मतांनी तो मंजूर झाला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना तो पसंत नव्हता. त्यांनी सही केली नाही आणि तो परतही पाठवला नाही. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे ठरलेली मुदत संपली की विधेयक सहीशिवाय कायदा होतं, तसं ते ८ नोव्हेंबर १९९५ ला झालं. दूतावास हलवला नाही तर परदेशातल्या इमारतींसाठी परराष्ट्र खात्याला मिळणाऱ्या त्या वर्षीच्या पैशातला निम्मा भाग अडवून ठेवायचा, असा चिमटाही कायद्यात होता.

पण त्याच कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली होती. राष्ट्रीय सुरक्षेसाठी गरज आहे असं राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं आणि तसं काँग्रेसला आधी कळवलं, तर ही पैशाची अडवणूक सहा महिन्यांपुरती थांबवता येईल. सहा महिने संपले की पुन्हा कळवायचं आणि पुन्हा सही करायची. ही तरतूद नसती तर क्लिंटन यांनी विधेयक सरळ नाकारलं असतं, म्हणून कायदा करणाऱ्यांनीच ती घातली. मग क्लिंटन, बुश, ओबामा, सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी सही केली. निवडणुकीत दूतावास हलवण्याचं वचन दिलेल्यांनीही केली. डोनाल्ड ट्रम्प यांनी जून २०१७ मध्ये सही केली. ६ डिसेंबर २०१७ ला जेरुसलेमला राजधानी म्हणून मान्यता जाहीर केली, त्याही वेळी एक सही केलीच, कारण इमारत काही एका दिवसात हलत नाही. दूतावास जेरुसलेममध्ये उघडला १४ मे २०१८ ला. जेरुसलेम कुणाचं, हा फार मोठा आणि रक्तरंजित वाद आहे, त्यात या पाठात शिरू नका, तास संपेल. (आपल्या ठाण्यातून आणि तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातून तिकडे गेलेली बेने इस्रायली कुटुंबं आजही घरात मराठी बोलतात, हे मात्र जरूर सांगा. मुलांना नकाशावरचं ते गाव एकदम जवळचं वाटतं.)

या गोष्टीतून मुलांनी दोन बाबी उचलायच्या. सूट कायद्याच्या पोटातच होती, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनी कायदा मोडला असं म्हणता येत नाही. दुसरी बाब अशी, की सुटीला मुदत होती, तरीही अठरा वर्षांहून जास्त काळ ती चालू राहिली. दर सहा महिन्यांची सही हा एक उपचार होऊन बसला. मुदत घातली म्हणजे सूट आपोआप संपते, असं नाही.

आपल्याकडेही पोटात सूट असलेले कायदे आहेत, आणि त्यातला एक तर आपल्या नोकरीचाच आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ शिक्षकाची किमान पात्रता ठरवतं. त्याच कलमात पुढे म्हटलंय की एखाद्या राज्यात पात्र शिक्षक पुरेसे नसतील, तर केंद्र सरकार अधिसूचना काढून पाच वर्षांपर्यंत ही अट शिथिल करू शकेल. पुढे २०१७ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत वेळ दिला. लक्षात घ्या, मुदत वाढवायला पुन्हा संसदेतच जावं लागलं, नुसत्या जीआरवर भागलं नाही. कलम २७ सुद्धा असंच आहे. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं सांगून ते लगेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं वगळतं. बाकीची कामं आपल्याकडे कोणत्या वाटेने येतात, यावर स्टाफरूममध्ये चर्चा करावी, वर्गात नको.

आता शहापूर-मुरबाड. इथे मामला वेगळा आहे, कारण इथली सूट कुठल्याही एका कायद्याच्या पोटात नाही. ती थेट संविधानातून येते.

संविधानाची पाचवी अनुसूची आदिवासीबहुल 'अनुसूचित क्षेत्रां'साठी आहे. महाराष्ट्रातली अशी क्षेत्रं राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने ठरली. त्यात शहापूर तालुका पूर्ण आहे. मुरबाड पूर्ण नाही, त्यातली ७७ गावं आहेत. तेव्हा पालघर वेगळा जिल्हा नव्हता. १ ऑगस्ट २०१४ ला तो झाल्यावर जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, वाडा तिकडे गेले, आणि आजच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाडचा तो भाग आणि भिवंडीतली काही गावं एवढंच अनुसूचित क्षेत्र उरलं. मुरबाडच्या शिक्षकांना मी आवर्जून सांगेन, आपल्या शाळेचं गाव यादीत आहे का ते बघा. शेजारच्या दोन गावांत एकच बोली, एकच बाजार, सोयरिकी सुद्धा आपापसात, पण एक गाव यादीत आणि दुसरं बाहेर, असं इथे घडतं. आणि बाहेर असलं की पुढचं सगळं लागू होत नाही.

काय लागू होत नाही? पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ मध्ये राज्यपालांना एक असा अधिकार आहे, जो वाचून मुलांचे डोळे विस्फारतात. संसदेचा किंवा राज्य विधिमंडळाचा कोणताही विशिष्ट कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक बदलांसह लागू होईल, असं राज्यपाल एका जाहीर अधिसूचनेने सांगू शकतात. मागच्या तारखेपासून सुद्धा सांगू शकतात. दिल्लीत दोन्ही सभागृहांनी चर्चा करून केलेला कायदा, आणि त्यातला शब्द आपल्या तालुक्यापुरता राजपत्रातल्या एका अधिसूचनेने बदलतो!

उदाहरण द्यायचं तर वनहक्काचं द्या, कारण शहापूर-मुरबाडमधल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांत 'दावा' आणि 'पट्टा' हे शब्द पोरांच्या कानावरून गेलेले असतात. वनहक्क कायदा २००६ चा. दावा ग्रामसभेकडे जातो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक राहील, असं कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तिथे दावा फेटाळला की घरातल्या माणसाने काय करायचं? वकील करून उच्च न्यायालयात जायचं. किन्हवली-डोळखांबकडच्या शेतमजुराला ते कितपत जमेल, ते आपण जाणतो. मे २०२० मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढून या 'अंतिम' शब्दाला अनुसूचित क्षेत्रापुरती वाट काढून दिली. जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील करता येईल, असा बदल केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक अधिसूचना निघाली, तिने वनवासी कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घर बांधण्याची मुभा दिली.

संसदेने हे दोन्ही बदल केलेले नाहीत. आणि यादीबाहेरच्या मुरबाडच्या गावात दावा फेटाळला गेला, तर या अपिलाची सोय तिथल्या कुटुंबाला नाही. कायदा तोच, जिल्हा तोच, तालुकाही तोच.

इथवर हा अधिकार चांगल्यासाठी वापरलेला दिसतो, आणि मुलं साहजिकच म्हणतात, मग काय, राज्यपाल चांगलंच करतात. इथे थांबवायचं. अनुसूचीत जमिनीचे व्यवहार, सावकारी यांवर राज्यपाल जे विनियम करतात त्यांना आधी जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला आणि नंतर राष्ट्रपतींची संमती लागते. या परिषदेत जास्तीत जास्त २० सदस्य आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदार असतात. पण कायदा लागू न करण्याची किंवा बदलून लागू करण्याची जी अधिसूचना आहे, तिच्यासाठी अनुसूचीच्या मजकुरात अशी अट लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या सुटीसारखी सहा महिन्यांची मुदतही नाही. राज्यपालांनी हा अधिकार स्वतःच्या विवेकाने वापरायचा की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला वाटतं की परिषदेचा सल्ला दोन्हीकडे सक्तीचा असायला हवा होता. ज्या अधिकाराने वाट काढून देता येते त्याच अधिकाराने वाट बंदही करता येते, आणि ज्यांच्या गावाला ती लागू होणार त्यांना निदान आधी कळलं तरी पाहिजे.

याला मर्यादा किती, ते सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० ला सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्या पेशाचंच होतं. अविभक्त आंध्र प्रदेशात जानेवारी २००० मध्ये एक सरकारी आदेश निघाला होता. अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांमधली शिक्षकांची सगळी, म्हणजे १०० टक्के पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना. हेतू समजण्यासारखा आहे. बाहेरून आलेला शिक्षक डोंगरातल्या शाळेत टिकत नाही, त्याला मुलांची बोली येत नाही, बदलीचा अर्ज तो खिशात घेऊनच रुजू होतो. (सगळे नाही, पण पाहिलेले आहेत.) तरीही न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो आदेश रद्द केला. राज्यपाल कायद्यात बदल करू शकतात, पण या अधिकारात नवा कायदा तयार करू शकत नाहीत. नोकरभरतीचे नियम हे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेले 'अधिनियम' नव्हेत, त्यामुळे ते या अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत. आणि मूलभूत हक्क राज्यपालांच्या अधिसूचनेलाही बांधून ठेवतात. आधी नेमलेल्या शिक्षकांच्या नोकऱ्या न्यायालयाने काढून घेतल्या नाहीत, पुढे मात्र आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका, असं बजावलं.

हा निकाल आंध्र-तेलंगणाचा, पण त्याची झळ इकडे लागली. महाराष्ट्रात ९ जून २०१४ ला राज्यपालांची अशीच अधिसूचना निघाली होती. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी अशी पदं अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची. पुढे या यादीत १७ संवर्ग झाले. आपण याला बोलताना 'पेसा भरती' म्हणतो, खरं तर तिचं मूळ पेसा कायद्यात नसून पाचव्या अनुसूचीत आहे. हा फरक मुलांना नाही सांगितला तरी चालेल, डी.एड. करणाऱ्या पोरांना जरूर सांगा. या भरतीला आव्हान मिळालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निवड झालेले उमेदवार नेमणुकीविना लटकले. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्यांच्या मागण्यांत ही भरती होती. टीव्हीवर उडी सगळ्यांनी पाहिली, तिच्यामागचा परिच्छेद ५ फार थोड्यांना ठाऊक होता. त्याच सुमारास सरकारने निकालाला अधीन राहून, मानधनावर, तात्पुरत्या नेमणुकांची वाट काढली.

शाळेच्या बाजूने याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. पद मंजूर, उमेदवार निवडलेला, आणि वर्गात दोन शिक्षकांच्या जागी एक. तो एकटा पहिली ते पाचवी बघतो, ऑनलाइन माहिती भरतो आणि केंद्रावरच्या बैठकीलाही जातो. ज्या मुलांसाठी सूट दिली, तीच मुलं सुटीच्या कायदेशीर भांडणात शिक्षकाविना बसली. माझ्या मते चूक स्थानिकांना प्राधान्य देण्यात नव्हती. अधिसूचना काढताना तिचा पाया न्यायालयात टिकेल का, हे पुरेसं पाहिलं गेलं नाही, आणि २०२० च्या निकालानंतर तरी विधिमंडळात जाऊन तो पाया पक्का करायला हवा होता.

शेवटचं उदाहरण पालकांच्या ओळखीचं आहे, आरटीईच्या २५ टक्के जागांचं. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या निदान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमांत एक परंतुक घातलं. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला ही सक्ती नाही. आता आपल्या भागाचा विचार करा. शहापूर असो, आसनगाव असो की मुरबाड, जिथे इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा निघते तिथे हाकेच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा असतेच. म्हणजे सूट काही शाळांना दिल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात जवळपास सगळ्याच बाहेर पडतात आणि कलम कागदावर उरतं.

इथे तो पाठाचा प्रश्न पुन्हा विचारा: ही सूट द्यायचा अधिकार कुठून आला? कलम १२ मध्ये अंतराची अशी सूट नाही. कलम ३८ सरकारला नियम करायला सांगतं, पण ते कायदा अमलात आणण्यासाठी, त्यातून माणसं बाहेर काढण्यासाठी नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. पालक जिंकले, पण तोवर शाळा जूनमध्येच सुरू होऊन गेल्या होत्या. सोडतीतली मुलं वर्गात पोचेपर्यंत जुलै सरत आला. पहिलीच्या पोराचा पहिला दीड महिना म्हणजे काय, ते पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना विचारा.

हा पाठ घेताना मी मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला यातली एक सूट देतो: पावसाची सुट्टी, दूतावास, वनहक्काचं अपील, शिक्षकभरती आणि २५ टक्के जागा. सूट कोणी दिली, अधिकार कुठे लिहिलाय, किती दिवसांसाठी आणि कारण कुणाला सांगावं लागतं, एवढं त्यांनी शोधायचं. वनहक्काच्या गटाला घरी जाऊन विचारायला सांगतो, तिथे पुस्तकापेक्षा जास्त माहिती निघते. घरचं प्रकरण वर्गात सांगायची सक्ती मात्र करू नका, फेटाळलेल्या दाव्याचं दुःख ताजं असतं.

आणि हुशार मुलांसाठी एक प्रश्न राखून ठेवा. उद्या राज्यपालांनीच पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढून शहापूर तालुक्यापुरतं २५ टक्क्यांचं कलम बंद केलं तर? मुलं पटकन म्हणतील की चालेल, कारण राज्यपालांना संसदेचा कोणताही कायदा थांबवता येतो. मग त्यांना २०२० चा निकाल आठवायला सांगा, आणि सोबत संविधानाचं कलम २१-क उघडायला लावा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण तिथे मूलभूत हक्कांच्या भागात लिहिलेलं आहे.